माझी पाळी सहाला आहे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना "समुद्रातल्या शर्यतीत उतरलेले आपले काष्टीकर" असं म्हटलं आणि तुम्ही टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्या मी परत करणार नाही, पण एक दुरुस्ती करतो. मी त्या बोटीवर होतो तो वजन म्हणून. शिडाच्या बोटीला वारा एका अंगाला कलंडवतो. ती फार कलू नये म्हणून चार-दोन माणसं उचललेल्या बाजूच्या कडेला ओळीने बसवतात. बैलगाडी उलार झाली की आपण पुढे सरकून बसायचो ना, तोच प्रकार. शेजाऱ्यांनी मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा विचारलं होतं, "तुमचं वजन किती?" पोहता येतं का, हे नंतर विचारलं.

आपण १९७९ साली दहावी झालेली मुलं. आपलं आणि पाण्याचं नातं काय होतं ते वेगळं सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळात आपण प्राथमिक शाळेत होतो. आई-वडील खडी फोडायच्या कामावर आणि आपल्या हातात सुकडी. पुढे कधी भीमेला पूर आला की नदीकाठी बघायला जायचं, तेव्हा गुऱ्हाळातल्या गुळाच्या काहिलीत बसून पलीकडे जाणारी माणसं पाहिलेली. माझ्या लेखी तेच जहाज. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो मुंबईला नोकरीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा, विसाव्या वर्षानंतर.

१९९४ साली नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात, सिडनीला गेलो आणि तिथेच राहिलो. तिथे शनिवारी जसा आपल्याकडे बाजार, तशा तिथल्या खाडीत होड्या. माझी मुलगी शाळेत असतानाच शिडाची होडी चालवायला शिकली. आणि आमच्या शेजारी एक कुटुंब होतं. आजोबा सत्तरी ओलांडलेले, त्यांची मुलगी पंचेचाळीसची, नातू एकोणीस वर्षांचा. तिघंही एकाच बोटीवर. त्यांची नावं सांगत नाही, कारण ती साधी माणसं आहेत आणि मी त्यांना विचारलेलं नाही. पण आज मला जे सांगायचंय ते त्यांच्याकडूनच शिकलो.

आधी ही लांब पल्ल्याची शर्यत म्हणजे काय ते सांगतो. सिडनीची सगळ्यात मोठी शर्यत दरवर्षी २६ डिसेंबरला सुटते आणि दक्षिणेला टास्मानिया बेटावरच्या होबार्ट शहरात संपते. अंतर ६२८ सागरी मैल, म्हणजे सुमारे ११६३ किलोमीटर. १९४५ साली पहिली शर्यत झाली तेव्हा नऊ बोटी होत्या. ब्रिटिश नौदलातले जॉन इलिंगवर्थ नावाचे अधिकारी 'रानी' नावाच्या बोटीवर होते, आणि तीच जिंकली. साडेसहा दिवस लागले. आज सर्वांत वेगवान बोटीचा विक्रम १ दिवस ९ तास आणि काही मिनिटांचा आहे, तो २०१७ सालचा. पण खरा मानाचा करंडक सर्वांत आधी पोचणाऱ्याला मिळत नाही. प्रत्येक बोटीची लांबी, वजन, शिडं पाहून तिला एक गुणक देतात. लागलेल्या वेळेला त्याने गुणायचं आणि मग ज्याचा वेळ कमी तो विजेता. त्यामुळे जुनी, लहान, घरातली माणसं घेऊन निघालेली बोटसुद्धा जिंकू शकते.

आणि जिंकतात. लार्स हॅल्व्हर्सन हे नॉर्वेहून आलेले बोटी बांधणारे कारागीर. त्यांची मुलं ट्रिग्वे आणि मॅग्नस यांनी स्वतः बांधलेल्या 'फ्रेया' बोटीवर १९६३, १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ तीन वर्षं ही शर्यत जिंकली. पीटर कुर्ट्स यांची 'लव्ह अँड वॉर' ही लाकडी बोट १९७४ आणि १९७८ साली जिंकली. २००६ साली ती तिसऱ्यांदा जिंकली, तेव्हा वडील नव्हते आणि बोट मुलगा सायमन याच्याकडे होती. सायमनने सुकाणूचा अधिकार लिंडसे मे या अनुभवी खलाशाकडे सोपवला होता. वडिलांनी बोट ठेवली, मुलाने ती विकली नाही, आणि कप्तानी ज्याला जमते त्याला दिली. पहिल्या विजयानंतर ३२ वर्षांनी तीच बोट पुन्हा पहिली आली.

हे सगळं मी तिथे वर्तमानपत्रात वाचत होतो. होबार्टच्या शर्यतीला मी कधी गेलो नाही. मी गेलो ते शेजाऱ्यांबरोबर, क्लबच्या एका रात्रीच्या छोट्या शर्यतीला. संध्याकाळी निघायचं, किनाऱ्याने वर जायचं, वळसा घालायचा आणि दुसऱ्या दिवशी परत. बोटीवर पाच माणसं. शेजारचे आजोबा, त्यांची मुलगी, नातू, माझी मुलगी आणि अर्थात वजन.

रात्रभर सगळे जागे राहिले तर पहाटे सगळेच चुका करतात. म्हणून पाळ्या लावतात. आपल्याकडे साखर कारखान्यात असतात तशाच. चार तास तुम्ही वर, चार तास खाली झोप. आमची पाळी रात्री दहा ते दोन. आजोबा, त्यांची मुलगी आणि मी. दोन वाजता नातू आणि माझी मुलगी वर येणार, ते सहापर्यंत. त्यांच्या मदतीला कोणी नाही.

दोन वाजले. नातू वर आला. आजोबांनी त्याला वारा कुठून आहे, दीपगृह कुठे आहे, दोन जहाजांचे दिवे कुठे दिसताहेत ते सांगितलं. सगळं मिळून दोन मिनिटं. मग सुकाणूवरचा हात काढला आणि खाली गेले. मागे वळून पाहिलं नाही. मीही खाली गेलो आणि आडवा झालो. झोप कसली येते! वर माझी मुलगी, काळोख, आणि बोटीची फळी कानाला लागून पाणी वाजतंय.

साडेतीनच्या सुमाराला वारा फिरला. त्या किनाऱ्यावर दक्षिणेचा वारा अचानक येतो, आधी गार झुळूक आणि मग एकदम जोर. अशा वेळी शीड ताबडतोब आखूड करायचं असतं. पोरांना उशीर झाला. बोट जोरात कलली, खालची भांडी एका कोपऱ्यात गोळा झाली, वर शीड फडफडायला लागलं आणि कापड फाटल्याचा आवाज आला, टर्रर्र. मी ताडकन उठलो आणि शिडीकडे निघालो.

समोरच्या फळीवर आजोबा होते. मला वाटलं होतं ते झोपलेत. नव्हते. डोळे टक्क उघडे. त्यांनी हाताने मला खूण केली, झोपा. मी म्हटलं, "अहो, शीड फाटलं." ते म्हणाले, "ऐकलं मी." मी म्हटलं, "मग वर जा ना!" तर म्हणाले, "माझी पाळी सहाला आहे."

शिडीशेजारी एक कागद चिकटवलेला होता. आजोबांच्या हातचा. मला कधी उठवायचं, असं वर लिहिलेलं आणि खाली चार ओळी. वारा तीस नॉटच्या वर गेला तर. दुसऱ्या जहाजाचा दिवा एकाच दिशेला दिसत राहून जवळ येत असेल तर. कोणाला लागलं किंवा कोणी पाण्यात पडलं तर. आणि चौथी ओळ, तुम्हाला खात्री वाटत नसेल तर. आजोबांनी त्या कागदाकडे बोट दाखवलं. वारा पंचवीस नॉट होता. कोणाला लागलं नव्हतं. पोरांनी हाक मारली नव्हती. म्हणजे चारपैकी एकही गोष्ट घडलेली नव्हती.

वर पोरांनी धडपडत का होईना शीड उतरवलं, दुसरं लहान शीड चढवलं, बोट मार्गाला लागली. अर्धा तास गेला. सहा वाजता आजोबा वर आले. पहिला प्रश्न, "चहा झाला का?" मग फाटलेलं शीड हातात घेऊन पाहिलं आणि नातवाला विचारलं, "पुढच्या वेळी काय करशील?" तो बोलला, त्यांनी ऐकून घेतलं, संपलं. शर्यतीत आमचा नंबर शेवटून दुसरा आला.

परतताना मी त्यांना विचारलं, तुम्हाला झोप लागत नव्हती, तर वर का नाही गेलात? ते म्हणाले, "मी वर गेलो असतो तर त्या रात्रीनंतर प्रत्येक वेळी वारा फिरला की त्याने आधी शिडीकडे पाहिलं असतं, म्हातारा येतोय का म्हणून. शिडाकडे पाहिलं नसतं." थोड्या वेळाने म्हणाले, "माझे वडीलही असेच जागे पडून राहायचे. ते मला आईने सांगितलं, ते गेल्यावर."

मंडळी, मला त्या क्षणी समुद्र दिसेनासा झाला. मला दिसलं आमचं रान आणि घोडच्या कालव्याचं आवर्तन.

तुमच्यापैकी निम्म्यांनी रात्री दारं धरलेली आहेत. पाण्याची पाळी रात्री अकराला येणार, कंदील घेऊन बांधावर जायचं, खोऱ्याने एक दारं मोडायचं, दुसरं बांधायचं. मी नववीत होतो. आण्णा म्हणाले, "आज तू धर." मला केवढा अभिमान वाटला होता! दहा मिनिटं झाली असतील. एक वाफा फुटला, पाणी शेजारच्या सरीत गेलं. आण्णांनी माझ्या हातातलं खोरं घेतलं, म्हणाले, "सर, तुला नाही जमायचं." ते रागावले नव्हते. मला थंडी वाजू नये म्हणून स्वतःची घोंगडी पण दिली. पण खोरं परत दिलं नाही. त्या रात्री नाही, पुढेही नाही.

मी शिकलो, नोकरीला लागलो, सुटलो. धाकटा भाऊ मागे राहिला. त्याच्या हातात खोरं होतं, पण निर्णय नव्हता. उसाऐवजी दोन एकर लिंबू लावू म्हणाला, आण्णा म्हणाले, मी गेल्यावर लाव. ठिबक करू म्हणाला, तेच उत्तर. उसाचं बिल आण्णांच्या खात्यावर, पासबुक आण्णांच्या ट्रंकेत, ट्रंकेची चावी आण्णांच्या करगोट्याला. भाऊ सदतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, आणि बाजाराला जाताना पैसे मागून घ्यायचा. आण्णा वाईट होते का? मुळीच नाही. आमच्यासाठी त्यांनी हाडाची काडं केली. त्यांना एवढंच वाटायचं की मी आहे तोवर याला कशाला त्रास.

२००३ साल. दुष्काळ. विहिरी कोरड्या, आवर्तन नाही. आणि त्याच उन्हाळ्यात आण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. मी विमानाने आलो. आण्णा खाटेवर, डोळ्यांनी सगळं समजतंय, बोलता येत नाही. भावाने ट्रंक उघडली. आत पावत्या, स्टँपपेपर, सुतळीने बांधलेल्या चिठ्ठ्या. कर्ज किती, कोणाचं, कोणाला उसने दिलेत, शेजाऱ्याशी विहिरीच्या पाण्याचा काय शब्द झालाय, काहीच ठाऊक नाही. भाऊ एकेक कागद आण्णांपुढे धरायचा आणि आण्णा मान हलवायचे. हो का नाही, तेही नीट कळायचं नाही. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी. त्या वर्षी दीड एकर विकावं लागलं. कदाचित ते टळलं असतं, कदाचित नसतं. पण भावाने आयुष्यातला पहिला मोठा निर्णय घेतला तो असा, भर दुष्काळात, विचारायला कोणी नसताना.

वारा शांत असताना ज्याच्या हाती सुकाणू दिलं नाही, त्याच्या हाती ते वादळात द्यावं लागतं. हे मला बोटीवर कळलं, पण घडलं होतं आपल्या काष्टीत.

तुम्ही म्हणाल, हे गोऱ्यांचे लाड आहेत, आपल्याकडे हे चालत नाही. म्हणून आपल्याकडचंच उदाहरण देतो. ते रक्ताच्या घराण्याचं नाही, पण पिढ्यांचं नक्की आहे. भीमेच्या पलीकडे, फलटणजवळ विंचुर्णी नावाचं गाव आहे. आपल्यासारखाच कोरडा मुलूख. तिथे निवृत्तीनंतर व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी राहायचे. १९७१ च्या युद्धातले वीरचक्र विजेते. एका भारतीयाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांनी लावून धरली तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या घरात होतं. स्वतः जाणं शक्य नव्हतं. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी 'म्हादेई' बोट बांधली. १९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून एकटे निघाले, चार ठिकाणी थांबले आणि मे २०१० मध्ये परत आले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

आता पुढची गोष्ट ऐका. दोंदे त्या बोटीला चिकटून बसले नाहीत. त्याच 'म्हादेई'वर त्यांच्या तयारीत हात लावणारा तरुण अधिकारी अभिलाष टॉमी २०१२ साली निघाला आणि कुठेही न थांबता १५१ दिवसांत परत आला. पुढे दांडेकरांनीच 'तारिणी' बांधली. २०१७-१८ साली नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून जगाला वळसा घालून आल्या, त्यांना शिकवणारे दोंदे. २ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलना आणि रूपा या दोघीच अधिकारी त्याच 'तारिणी'वर गोव्याहून निघाल्या, २९ मे २०२५ ला परतल्या, आणि त्यांना शिकवणारा अभिलाष टॉमी. दोघीच बोटीवर, म्हणजे एक झोपली की दुसरी एकटी. आठ महिने. आवटी २०१८ साली गेले. पण त्यांनी लावलेला ओघ पाहा, एकेकाने खोरं पुढच्याच्या हातात दिलं आणि पाणी पुढे गेलं.

यात धोका नाही असं मी सांगणार नाही. हाच अभिलाष टॉमी २०१८ साली 'गोल्डन ग्लोब' या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडला. डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला जबर इजा झाली, तीन दिवसांनी सुटका झाली. तोच माणूस पुन्हा त्याच शर्यतीत उतरला आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरा आला. सिडनी-होबार्टच्या १९९८ च्या शर्यतीत ११५ बोटी निघाल्या, पोचल्या फक्त ४४. सहा जण गेले, ५५ जणांना वाचवून आणावं लागलं. तिथे समुद्राचा प्रवाह दक्षिणेला जातो आणि वादळ दक्षिणेकडून येतं. वाहत्या पाण्याला समोरून वारा भिडला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. त्या वर्षी करंडक मिळाला तो ३५ फुटांच्या 'मिडनाइट रॅम्बलर' बोटीला. तिच्यावर एड आणि आर्थर सॅल्टिस हे सख्खे भाऊ होते. त्यांचे वडील बिल हे त्याच क्लबचे एके काळचे कमोडोर. ते किनाऱ्यावर होते. वडील किनाऱ्यावर आणि दोन मुलं त्या समुद्रात! त्या रात्री त्या घरात कोण झोपलं असेल? पण त्या मुलांना लाटेला बोट कशी द्यायची हे त्या रात्री शिकायचं नव्हतं. ते कित्येक वर्षं आधी शिकून झालेलं होतं.

म्हणून हातात देणं म्हणजे सोडून देणं नव्हे. तिथे अठरा वर्षांखालच्या मुलाला होबार्टच्या शर्यतीत घेत नाहीत, मग बाप कप्तान असला तरी. बोटीवरच्या निम्म्या माणसांनी तरी समुद्रात जीव वाचवण्याचं प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं. रात्री वर येणारा प्रत्येक जण पट्ट्याने स्वतःला बोटीशी बांधून घेतो. आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो शिडीजवळचा कागद. मला कधी उठवायचं. म्हाताऱ्याने सुकाणू दिलं, पण आपण कशासाठी उपलब्ध आहोत ते लिहून ठेवलं. पोराला माहीत होतं की या चार गोष्टींत हाक मारायची लाज नाही, आणि बाकीच्या सगळ्या गोष्टी माझ्या आहेत.

मी साठी ओलांडलीय. तुम्हीही ओलांडलीय, मेंदी कितीही लावा! आपल्यापैकी बहुतेकांची मुलं पस्तिशीत आहेत. काल रात्री जेवताना आपल्याच वर्गातला एक जण मला म्हणाला, "पोरगं ऐकत नाही." मी त्याला विचारलं, "पोराला तू काय काय सांगितलंयस?" तर गप्प झाला. मी तुम्हाला उपदेश करायला आलो नाही. मी स्वतः त्या बोटीवर शिडीपर्यंत गेलेलो माणूस आहे. आजोबांनी हात आडवा केला नसता तर मी वर जाऊन माझ्या मुलीच्या हातातला दोर घेतला असता, आण्णांनी खोरं घेतलं तसाच. तिने मला नंतर विचारलं, "बाबा, तुम्ही उठला होतात ना? मला तुमचे पाय शिडीखाली दिसले." मी म्हटलं, हो. म्हणाली, "आला नाहीत, बरं झालं." एवढंच. पण तिने पाय पाहिले होते, हे मी विसरलेलो नाही.

घरी भावाला मी ही गोष्ट सांगितली ती मागच्या दिवाळीत. त्याचा मुलगा, माझा पुतण्या, तिशीचा आहे. शेती शिकलाय. दोन एकर ऊस काढून त्याला लिंबू आणि भाजीपाला करायचाय, आणि बापाचं उत्तर ठरलेलं, "बघू." मी भावाला म्हटलं, तुला आठवतं का, तू हेच आण्णांना म्हणाला होतास, तेसुद्धा लिंबूच! तो कितीतरी वेळ काही बोलला नाही. उठून गोठ्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर ओसरीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे त्याने पेनने लिहिलंय. मला कधी विचारायचं. एक, जमीन विकायची किंवा गहाण टाकायची असेल तर. दोन, एक लाखाच्या वरचं कर्ज. तीन, बांधावरून कोणाशी भांडण. चार, तुला कळत नसेल तर. आणि खाली, बाकी तू बघ. ट्रंक उघडून बाप-लेक दोन दिवस कागद लावत बसले होते. सातबारा, पासबुकं, पावत्या, कोणाचे किती, सगळं वहीत उतरवलं.

लिंबं लागतील का नाही, मला ठाऊक नाही. भाव मिळेल का, तेही नाही. एखादं वर्ष शीड फाटेलही. भाऊ परवा फोनवर म्हणाला, "दादा, पोरगं रात्री मोटार चालू करायला गेलं की मला झोप लागत नाही." मी म्हटलं, लागू नको देऊ. पण उठू नको.

मागे बसलेल्या मुला-मुलींनो, तुमच्यासाठीही एक वाक्य. त्या कागदावरची चौथी ओळ तुमची आहे. खात्री नसेल तेव्हा हाक मारायची. ज्याला हाक मारायला कमीपणा वाटतो, त्याच्या हाती कोणीच सुकाणू देऊ नये. आणि चूक झाली तर सकाळी ती स्वतःच्या तोंडाने सांगायची, लपवायची नाही. त्या नातवाने फाटलेलं शीड घडी करून कोपऱ्यात कोंबलं नव्हतं. आजोबांच्या समोर पसरून ठेवलं होतं.

आता शेवटचं. ही माजी विद्यार्थ्यांची समिती आपल्याच वयाच्या माणसांनी आजवर छान चालवली. वाचनालयाची कपाटं, पाण्याची टाकी, आजचा हा मेळावा आणि ही स्मरणिका, सगळं त्यांचं. काल बैठकीत विषय निघाला की पुढच्या मेळाव्याचं काम नव्या मुलांकडे द्यावं का, आणि कोणीतरी म्हणालं, "अजून त्यांना अनुभव नाही." मित्रांनो, अनुभव देणारे आपणच आहोत. देऊ या. हिशेबाची वही, पावतीपुस्तक, पत्त्यांची यादी, सगळं त्यांच्यासमोर मांडून, दोन मिनिटांत सांगून. जेवणात मीठ कमी पडेल, माईक बंद पडेल, भाषणं लांबतील. माझं तर आत्ताच लांबलंय! आपण मागच्या रांगेत बसू, जागे राहू, आणि त्यांनी हाक मारली तरच उठू.

आण्णा २००५ साली गेले. शेवटच्या दिवसांत एकदा भाऊ रात्री पाण्याला निघाला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने, तेवढाच चालत होता, उशाची बॅटरी उचलून त्याच्या हातात दिली. भाऊ सांगतो, ती बॅटरी त्यांनी त्याआधी कधी कोणाला दिली नव्हती. द्यायचं त्यांच्या मनात होतंच. वेळ निघून गेली होती, एवढंच.

आपली अजून गेलेली नाही.